तीसपट लहान केलेले मरुत
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात मोलगी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्यासमोर टेबलावर जे लाकडी विमान ठेवले आहे, ते आपल्या शाळेतल्या सात मुलामुलींनी केले आहे. सभा सुरू होण्यापूर्वी पुढच्या रांगेतल्या एका चाचांनी मला विचारले, "सर, या खेळण्याचे दहावीला किती मार्क मिळतात?" मी त्यांना खरे तेच सांगितले, की एकही नाही. मग ते म्हणाले, "तर मग पोरांचे सहा महिने कशाला घालवले?" हा प्रश्न रास्त आहे. आमचूर आणि महू विकून वह्या-पुस्तके घेणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे. माझे आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे. उत्तर पटले नाही तर चहाच्या वेळी मला तसे सांगावे, मी रागावणार नाही.

प्रथम हे सांगतो की विमान कसे ठरले. पावसाळ्याच्या सुरुवातीला कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना म्हटले, एखाद्या ऐतिहासिक प्रायोगिक विमानाची प्रतिकृती करू. प्रायोगिक म्हणजे जे विमान प्रवासी नेण्यासाठी किंवा लढण्यासाठी नव्हे, तर एखादी कल्पना हवेत टिकते की नाही हे पाहण्यासाठी बांधले जाते. कोणते करायचे ते मुलांनीच सुचवावे.

एका मुलाने लगेच शिवकर बापूजी तळपदे यांच्या ‘मरुत्सखा’चे नाव घेतले. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही गोष्ट त्याने मोबाइलवर पाहिली होती. दुसऱ्याने अब्बास इब्न फिरनास यांचे नाव घेतले. नवव्या शतकात अंदलुसमधल्या कुर्तुबा शहरात या विद्वानाने अंगाला पंख लावून उड्डाण केले, असे सांगतात. त्यावरून वर्गात थोडी चढाओढ लागली. एकाचे आपले, दुसऱ्याचे आपले. वर्गात असे दोन गट पडले, की शिक्षकाने आधी फळ्याकडे पाठ करू नये.

मी दोघांच्या हातात पट्टी दिली आणि म्हणालो, पंखाची लांबी सांगा, मी उद्या लाकूड आणतो. दोघेही आठवडाभर शोधत राहिले. मरुत्सख्याचा मोजून काढलेला, मापे लिहिलेला आराखडा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या पोथीचा या संदर्भात हवाला दिला जातो, ती 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासली. ती पोथी विसाव्या शतकातली आहे आणि तिच्यातली यंत्रे उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इब्न फिरनास यांचे निधन 887 साली झाले. ते अस्सल विद्वान होते, कवी होते, त्यांचे नाव चंद्रावरच्या एका विवराला दिलेले आहे. परंतु त्यांच्या उड्डाणाची जी हकिगत आज सांगितली जाते, ती मुख्यतः अल-मक्करी या इतिहासकाराची, आणि तो सतराव्या शतकातला. मध्ये साडेसातशे वर्षे गेली. पंख किती लांब, किती रुंद, हे तिथेही नाही.

तेव्हा मी मुलांना सांगितले की आपला नियम एकच राहील. ज्याचे माप आहे त्याची प्रतिकृती होते; ज्याचे माप नाही त्याचे फार तर चित्र होते. हा नियम तळपद्यांना लावायचा आणि इब्न फिरनास आपले म्हणून त्यांना सूट द्यायची, असे करता येणार नाही. उलटही नाही. मुलांनी ते निमूटपणे मान्य केले. मोठ्या माणसांच्या सभेत हेच मान्य व्हायला किती वेळ लागला असता, ते अध्यक्षांनी ठरवावे.

शेवटी निवड झाली ती हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘एचएफ-24 मरुत’ची. नावातला मरुत कायम राहिला, त्यामुळे पहिला मुलगाही खूश झाला. हे विमान निवडण्याचे दुसरे कारण असे, की ते आपल्या राज्यात पाहता येते. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत उभे आहे. मी दिवाळीच्या सुटीत मोलगीहून अक्कलकुव्याचा घाट उतरून, नंदुरबारला रात्रीची गाडी धरून ते पाहून आलो. चारही बाजूंनी छायाचित्रे काढली. लोक वाघ-सिंहाचे फोटो काढतात, हा गृहस्थ विमानाच्या पोटाचे फोटो का काढतो, असे तिथल्या एका लहान मुलीने आईला विचारलेले मी ऐकले.

मित्रहो, या मरुताची कहाणी थोडक्यात ऐका, कारण ती कहाणीच आमच्या कामाची खरी शिक्षक ठरली.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा भारताने ठरवले की आपले जेट लढाऊ विमान आपणच बांधायचे. 1956 साली कुर्ट टँक नावाचे जर्मन अभियंते बंगळूरला आले. दुसऱ्या महायुद्धातले प्रसिद्ध फॉक-वुल्फ 190 हे विमान त्यांचेच. त्यांच्याबरोबर काही जर्मन सहकारी होते, बाकी सारे आपले तरुण अभियंते आणि कारागीर. त्यांनी काय केले असेल? एकदम धातूचे विमान बांधायला घेतले नाही. आधी त्याच आकाराचे, अगदी पूर्ण मापाचे, एक लाकडी विमान बांधले. त्याला इंजिन नव्हते. डाकोटा विमानाला दोराने जोडून ते वर ओढून न्यायचे, दोर सोडायचा आणि वैमानिकाने ते तरंगत खाली आणायचे. हे 1959 साल. सत्तरहून अधिक वेळा ते लाकडी विमान हवेत गेले. वळताना ते कसे वागते, वेग कमी झाला की काय करते, उतरताना नाक उचलते का, हे सगळे त्यावर तपासले गेले. म्हणजे ज्याला आपण खेळणे म्हणतो, त्यात वैमानिक बसत होते.

त्यानंतर 17 जून 1961 रोजी खरे मरुत उडाले. चालक होते विंग कमांडर सुरंजन दास. आशिया खंडात सोव्हिएत रशिया वगळता स्वतः आखलेले अशा दर्जाचे जेट लढाऊ विमान त्या काळी कोण बांधत होते, याचा विचार केला म्हणजे ही गोष्ट किती मोठी होती ते कळते.

पण एक उणीव राहिली. विमानाचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेला होता. त्याला जे ताकदवान इंजिन बसायचे होते, ऑर्फियस जातीचेच पण अधिक जोराचे, ते ब्रिटनमध्ये पूर्णच झाले नाही. त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलला नाही, त्यांनीही सोडून दिला. मग मिळत होते ते कमी जोराचे ऑर्फियस 703 इंजिन, असे दोन-दोन बसवून काम चालवावे लागले. घर चार मजल्यांसाठी बांधावे आणि जिना दोन मजल्यांपुरताच असावा, तसे झाले. मरुत जेमतेम ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचे. इंजिनासाठी खटपट पुष्कळ झाली. एक मरुत इजिप्तला पाठवले गेले आणि तिथे तयार होत असलेले इ-300 इंजिन 1967 साली त्यावर उडवून पाहिले गेले. 1969 मध्ये तेही काम थांबले. ऑर्फियसचाच जोर वाढवून केलेल्या प्रायोगिक मरुताच्या उड्डाणात 1970 च्या जानेवारीत सुरंजन दास मृत्यू पावले. बंगळूरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

1971 च्या युद्धात राजस्थानच्या सरहद्दीवर मरुत वापरले गेले. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात एक इंजिन गेले तरी दुसऱ्यावर काही मरुत परत आले, म्हणजे सांगाडा मजबूत होता हे सिद्ध झाले. एकूण 147 मरुत बांधली गेली आणि 1990 पर्यंत ती सेवेतून गेली. तोपर्यंत आपल्याच नाशिक विभागात, ओझरला, 1964 साली निघालेल्या कारखान्यात मिग विमाने तयार होत होती. काही लोक मरुताला फसलेले विमान म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. ज्यांनी ते आखले त्यांचे माप चुकलेले नव्हते. जे मिळाले नाही ते इंजिन होते, आणि ती गोष्ट त्यांनी लपवलीही नाही.

असो. आता आमच्या कामाकडे वळतो.

मरुताची लांबी 15.87 मीटर, पंखांचा विस्तार 9 मीटर, उंची 3.60 मीटर. आमच्या कार्यानुभवाच्या खोलीतले मोठे टेबल चार फुटांचे. मुलांनी बरेच भागाकार करून पाहिले आणि तीसने भागायचे ठरवले. कारण 9 मीटरला तीसने भागले की बरोबर 30 सेंटिमीटर येतात, म्हणजे दप्तरातली पट्टी. लांबी 52.9 सेंटिमीटर, उंची 12 सेंटिमीटर. या एका निवडीने पुढचे गणित सोपे झाले. ज्या मुलांना भागाकाराचे नाव काढले की पोटात दुखते, ती मुले सबंध जुलै महिना भागाकार करत होती.

मग एक गंमत झाली, ती गणिताच्या शिक्षकांनी ऐकावी. लांबी तीसपट कमी झाली, तर पंखाचे क्षेत्रफळही तीसपटच कमी होणार, असे बहुतेकांना वाटले. खऱ्या विमानाच्या पंखाचे क्षेत्रफळ 28 चौरस मीटर आहे. तीसने भागले तर जवळजवळ एक चौरस मीटर येते. म्हणजे एका वर्गमित्राची चटई! टेबलावर ठेवलेल्या तळहाताएवढ्या पंखाकडे पाहून मुलांनाच हसू आले. मग त्यांना कळले की लांबीही तीसपट कमी होते आणि रुंदीही, म्हणून नऊशेने भागायचे. उत्तर 311 चौरस सेंटिमीटर आले. आलेख कागदावर चौकोन मोजून त्यांनी ते ताडून पाहिले.

वजनाची गोष्ट तर मला स्वतःलाही नवी होती. वजनाला तीस गुणिले तीस गुणिले तीस, म्हणजे 27,000 ने भागायचे. रिकाम्या मरुताचे वजन सुमारे 6,200 किलो. आठवीच्या एका मुलीने भागाकार करून सांगितले, आपले विमान 230 ग्रॅम भरले पाहिजे. कोरून झाल्यावर आम्ही ते बाजारात किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. दुकानदाराने तागडी झटकून पाहिली, पण काटा अर्ध्या किलोच्या खाली येईना. मुलांनी विचारले, सर, आपण कुठे चुकलो? चुकलो नव्हतो. आमचे विमान भरीव लाकडाचे होते आणि खरे विमान आतून पोकळ. पातळ पत्रा, आत फासळ्या आणि बाकी सगळी रिकामी जागा. ज्याला आपण लोखंडाचे धूड समजतो ते मापामापाने पाहिले तर शिवणीच्या लाकडापेक्षाही हलके असते. त्या दिवशी दुकानासमोर उभ्या असलेल्या दोन-चार पावरा शेतकऱ्यांनीही ते विमान हातात घेऊन पाहिले. त्यांतला एक म्हणाला, मग भोपळ्याचे करायचे होते. मला ते अगदी पटले. तुंबडी करणाऱ्या माणसाला पोकळ वस्तूची ताकद आमच्यापेक्षा जास्त कळते.

लाकूड आम्ही शिवणीचे घेतले. शहरात विमानांच्या प्रतिकृतीसाठी बाल्सा नावाचे परदेशी हलके लाकूड वापरतात. ते महाग, आणि इथे मिळत नाही. पांगारा आणि सावर हलकी असतात, पण त्यांचे रेषे भुसभुशीत, बारीक कड टिकत नाही. साग टिकतो, परंतु जड आणि तेलकट असतो, रंग नीट धरत नाही. शिवण हलकी, पटाशीखाली साखरेसारखी सुटते आणि पावसाळ्यात फारशी वाकत नाही. आपल्याच गावात फर्निचर करणाऱ्या एका पालकांनी जुन्या पलंगाचे तुकडे दिले. पैसे घेतले नाहीत.

अवघड भाग होता तो विमानाची कंबर. मरुताचे धड सरळ नळीसारखे नाही. जिथे पंख जोडले आहेत तिथे ते आत दबलेले आहे, शीतपेयाच्या बाटलीसारखे. याचे कारण सुंदर आहे. ध्वनीच्या वेगाजवळ विमान गेले की हवा बाजूला सरकायला नकार देते. समोरून पुढे सरकत विमानाचे एकेक आडवे काप पाहिले, तर पंख सुरू होतात तिथे काप एकदम मोठा होतो आणि हवेचा विरोध वाढतो. म्हणून पंखाने जितकी जागा घेतली तितकी धडातून कमी करतात. मुलांनी पुठ्ठ्याचे साचे कापले, दर पाच सेंटिमीटरला एक. वाकसाने ढोबळ आकार, मग रंधा, मग कानस, आणि दर वेळी साचा लावून पाहायचा. साच्याखालून उजेड दिसला की तेवढे अजून काढायचे. जास्त काढले की संपले. लाकूड परत लावता येत नाही. एक धड असेच वाया गेले, ते अजून खोलीत आहे, त्यावर आता डस्टर ठेवतात.

आता रंगाविषयी. पालकांपैकी जे रंगकाम करतात त्यांना यात नवे काही नाही, पण विद्यार्थ्यांनी ऐकावे. कच्च्या लाकडावर थेट रंग मारला की लाकूड तो पिते आणि रेषे उभे राहतात. म्हणून आधी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात दिले. ही लाख कुसुम आणि पळसाच्या झाडावरचा किडा देतो, आपल्या रानातली वस्तू आहे. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर, मग लांबी, पुन्हा पॉलिश पेपर, मग करडा प्रायमर. करड्या रंगाचे काम रंगवण्याचे नसते, चुका दाखवण्याचे असते. त्यावर तिरपा उजेड पाडला की खड्डा लगेच दिसतो.

सुरुवातीची मरुत विमाने धातूच्याच रंगाची, चकचकीत दिसत. तेव्हा आम्हीही चांदीसारखा ॲल्युमिनियम रंग ठरवला. सगळ्यांत निर्दयी रंग हा. काळा किंवा हिरवा रंग बारीक ओरखडा पोटात घालतो. चांदी तो दुप्पट करून दाखवते. आम्ही आधी सप्टेंबरात लाकडाच्या ढलप्यांवर दोन प्रकार करून पाहिले. लवकर वाळणारा लॅकर मारला तर पाचच मिनिटांत त्यावर पांढरट धुके आले. मुलांना वाटले डबा खराब निघाला. डबा चांगला होता, दोष आपल्या सातपुड्याच्या हवेचा. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि दमट हवेतले पाणी त्यावर दव पडावे तसे बसते. मग सावकाश वाळणारा तेलाचा रंग घेतला आणि पाऊस पूर्ण उघडेपर्यंत थांबलो. सावकाश वाळतो म्हणून त्यावर धूळ बसते, तेव्हा खोलीत पाणी शिंपडून, झाडू बंद करून, विमानावर मच्छरदाणी टांगली. शाळेत मच्छरदाणीचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा राहिलो ती सांगतो. ती माझ्या कमीपणाची आहे.

डिसेंबरात तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन होते. दोन दिवस उरले होते. करडा प्रायमर झालेला होता, दुसऱ्या दिवशी चांदी रंग मारायचा होता. संध्याकाळी एका मुलाचे वडील त्याला घ्यायला आले, तेच ते पलंगाचे तुकडे देणारे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. मुलगा पाचवीत आल्यापासून मी त्यांना पालक सभेची चिठ्ठी पाठवत होतो, ते कधी आले नव्हते. त्या दिवशीही दाराबाहेरच उभे राहिले. मी आग्रह केला म्हणून आत आले. टेबलाजवळ बसकण मारली, एक डोळा मिटला, विमानाकडे शेपटीच्या बाजूने पाहिले आणि हळूच म्हणाले, "मास्टर साब, डावा पंख मागे गेलाय."

आम्ही पट्टीने तीन वेळा मोजलेले होते. विस्तार बरोबर 30 सेंटिमीटर. मी तसे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. खिशातून दोरा काढला, त्याचे एक टोक विमानाच्या नाकावर धरले, दुसरे उजव्या पंखाच्या टोकाला नेऊन तिथे गाठ मारली. मग तोच दोरा डाव्या टोकाला नेला. गाठ पंखाच्या टोकापर्यंत पोहोचली नाही. जवळजवळ 4 मिलिमीटरचा फरक होता. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आले तरच ती काटकोनात असते, हे आपण नववीच्या भूमितीत शिकवतो. ते ही गोष्ट रोज दोऱ्याने करत होते.

चूक कशी झाली, तेही लगेच सापडले. आपल्या प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याची रेघ अगदी कडेला नसते, थोडी आत असते. एकाने उजव्या पंखाची खाच शून्यापासून मोजली होती, दुसऱ्याने डाव्या पंखाची पट्टीच्या कडेपासून. म्हणून डावी खाच 4 मिलिमीटर मागे पडली. तीसने गुणा, खऱ्या विमानात 12 सेंटिमीटर.

मी काय केले? मी घड्याळाकडे पाहिले. मी म्हणालो, "पुढच्या कडेला लांबी भरू, मागची कड घासू, वर चांदी रंग जाईल, कोणाला कळणार आहे." सात मुले माझ्याकडे पाहत होती. हीच ती मुले, ज्यांना मी जुलैमध्ये माप नाही म्हणून मरुत्सखा आणि इब्न फिरनास दोन्ही नाकारले होते. कोणी काही बोलले नाही. ते गृहस्थही माझा मान ठेवून गप्प राहिले. त्यांनी फक्त दोरा गुंडाळला आणि मुलाला विचारले, "फेव्हिकॉल लावलाय का खिळा?" मुलगा म्हणाला, फेव्हिकॉल. "मग गरम पाण्याने सुटेल."

एवढे बोलून ते बसून राहिले. मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, सोडवा.

रात्री नऊपर्यंत गरम पाण्याची फडकी सांध्यावर ठेवून पंख सोडवला. खाच 4 मिलिमीटर पुढे वाढवली, मागे शिवणीचीच बारीक पाचर बसवली. वडिलांनी स्वतः पटाशीला हात लावला नाही. मुलाच्या मनगटाखाली फक्त एकदा बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी सांधा वाळत होता. तिसऱ्या दिवशी प्रदर्शन. उजवा पंख आणि धड चांदीचे, डावा पंख कच्च्या लाकडाचा, पाचर उघडी दिसते आहे, अशा अवस्थेत आमचे मरुत गेले. परीक्षकांनी विचारले, हा पंख का रंगवला नाही? त्या मुलाने दोरा काढून कारण सांगितले. क्रमांक आला नाही, आणि तो न येणे योग्यच होते. शेजारच्या टेबलावर एका शाळेने पूर्ण झालेली चांगली वस्तू आणलेली होती.

परत आल्यावर डावा पंख रंगवला. पंखावरची वर्तुळे मुलींनी कंपासने कागदाचे साचे कापून काढली. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. घाईत हे उलटे होते, आमच्याकडूनही एकदा झाले, ते पुसून पुन्हा केले. जवळ येऊन पाहिले तर डाव्या वर्तुळाच्या कडेला जुन्या हिरव्याची पुसट रेघ दिसेल. ती तशीच ठेवली आहे.

चाचांच्या प्रश्नावर येतो. सहा महिन्यांत या सात मुलांनी भागाकार, क्षेत्रफळ, घनफळ, प्रमाण आणि कर्ण हे सगळे हाताने केले. पैकी दोघांचे गणिताचे गुण वाढले, एकाचे कमी झाले, बाकीच्यांचे तसेच आहेत. मी वाढवून सांगणार नाही. डॉक्टर अब्दुल कलाम मद्रासच्या तंत्रसंस्थेत शिकत असताना तिथे ठेवलेली दोन जुनी, निकामी विमाने पाहायला तासन्‌तास बसत, आणि त्यातूनच त्यांनी विमानविद्येची शाखा निवडली. या सातांतून कोणी कलाम होईल असे मी म्हणत नाही. कदाचित एखादा चांगला सुतार होईल, एखादी मुलगी नंदुरबारला आयटीआयला जाईल. तिला जाऊ द्यावे, एवढी मात्र तिच्या घरच्यांना माझी विनंती आहे. ते समोरच बसले आहेत, आणि मी कोणाविषयी बोलतो ते त्यांना ठाऊक आहे.

दोरा देणारे ते पालक त्यानंतर दोन सभांना आले. आता दर शनिवारी दुपारी दोन तास ते कार्यानुभवाच्या खोलीत असतात. ज्या पालकांच्या हातात काही हुनर आहे, शिवणकाम, गवंडीकाम, वेल्डिंग, बांबूकाम, काहीही, त्यांनी शनिवारी यावे. चिठ्ठीची वाट पाहू नये. सही करता येत नाही म्हणून कोणी दाराबाहेर उभे राहू नये, तिथे वहीवर सही घेतच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात आम्ही मरुताच्या आधीचे ते बिनइंजिनाचे लाकडी विमान करणार आहोत, आणि या वेळी आतून पोकळ. 230 ग्रॅमच्या किती जवळ जाता येते ते पाहायचे आहे. भोपळा सुचवणाऱ्या त्या शेतकरी बांधवांनाही बोलावणे पाठवले आहे.

मरुत टेबलावरच ठेवतो. दोरा त्याच्या शेजारी आहे, गाठ तशीच आहे. ज्यांना मोजून पाहायचे असेल त्यांनी चहाआधी यावे, रंगाला फक्त बोट लावू नये.